ताऱ्यांच्या खांबांवर ओतलेलं नारळाचं पाणी

मंडळी, डोकं अजून तापलेलं आहे, म्हणून लिहितेय.

आज आमच्या कुरखेड्याच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं. माझ्या वर्गातल्या करुणानं, जिथे तारे जन्मतात त्या अवकाशातल्या वायू-धुळीच्या खांबांची प्रतिकृती केली होती. जंगलातून वारुळाची माती आणून उंच खांब उभारले, आत छोटे दिवे पुरले. जवळच्या मोठ्या ताऱ्यांच्या प्रखर किरणांनी असे खांब झिजतात आणि आत जन्मणारे तारे उघडे पडतात, एवढंच तिला सांगायचं होतं.

उद्घाटक साहेब आले, मागे चमच्यांची फौज. खांब पाहताच साहेबांनी चपला काढल्या अन् हळदकुंकू वाहिलं.

"साहेब, हे वारूळ नाई. आतमंदी तारे जन्मून राह्यले," करुणा म्हणाली.

"हो का पोरी? मंग नागोबा कुठी राह्यते?" असं म्हणत साहेबांनी नारळ फोडला आणि पाणी खांबावर ओतलं!

वारुळाला माझी आईही हात जोडते, त्याचं काही नाही. पण समोर लेकरू बोलतंय आणि या माणसाला फक्त फोटो हवा!

पाण्यानं माती विरघळली. आतला एक दिवा लखकन उघडा पडला.

"मॅडम, किरणं असंच करते! आता सांगू का त्याइले?" करुणा हरखली.

साहेबांचं गाडीत बसूनही झालं होतं. 'साहेबांच्या हस्ते नागपूजन' असा फोटो ग्रुपवर आला होता.

करुणानं तरीही सगळं सांगितलं. ऐकायला मी, आणि प्रसादाचं खोबरं चघळणारे हेडसर.

तुमच्याकडचे उद्घाटक कधी ऐकायलाही येतात का हो?