अकरा एकांचा भाग

पुंडलिक गुरुजींना माहीत नाही असं जगात काही नाही, अशी केळझरच्या पंचक्रोशीत समजूत होती. खुद्द गुरुजींचीही होती. त्यांच्या लहानशा गावातल्या शाळेत रोज सुट्टीआधी पोरं उभी राहून पाढे म्हणत आणि शेवटी गुरुजींनी स्वतः जोडलेली ओळ खड्या आवाजात येई, "अकरा एक, भाग नाई."

म्हणजे एकापुढे एक असे अकरा एक लिहिले की होणारी अकराशे अकरा कोटींवरची ती लांबलचक संख्या एक आणि ती स्वतः सोडून कशानेही निःशेष भागली जात नाही. तीन एकांना सदतीसचा भाग जातो, पाच एकांना एक्केचाळीसचा, सात एकांना दोनशे एकोणचाळीसचा. अकरा एक मात्र कुणाला दाद देत नाहीत. अठरा वर्षं पोरांनी ही ओळ म्हटली. सासरी गेलेल्या पोरींनी ती अल्लीपूरपर्यंत नेली.

एकोणीसशे पंचावन्नच्या दिवाळीत नलू भेटायला आली. गुरुजींची जुनी विद्यार्थिनी, आता वर्ध्याला शिक्षिका. चहा पिता पिता तिने साधंच विचारलं, "गुरुजी, तुम्ही कुठवर भागून पाह्यलं होतं?"

गुरुजी म्हणाले, हजारापर्यंत. नलू काही बोलली नाही. ती बोलली असती तर गुरुजींनी वाद घातला असता आणि जिंकलाही असता. पण तिचं गप्प बसणं त्यांच्या जिव्हारी लागलं.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी पाटी घेतली. हजाराच्या पुढचे आकडे घ्यायचे, त्यातले दोन, तीन, पाच, साताच्या पाढ्यात येणारे सोडायचे आणि उरलेल्यांनी भागत जायचं. सकाळी शाळेआधी पाच भागाकार, ना कमी ना जास्त. ताप असो की घरी पाहुणे असोत. बायको आनंदाबाई म्हणायची, आमच्या घरी देवपूजा एकदा चुकेल, पण पाटी नाही. अडीच वर्षं हे चाललं, आणि अठ्ठावन्नच्या उन्हाळ्यात एकवीस हजार सहाशे एकोणपन्नासला बाकी शून्य आली.

गुरुजींनी तीनदा पडताळलं. भागाकार आला पाच लाख तेरा हजार दोनशे एकोणचाळीस. दोघांचा गुणाकार केला, तर अकराच्या अकरा एक ओळीने उभे राहिले. इतकं देखणं गणित त्यांनी जन्मात केलं नव्हतं, आणि ते त्यांनाच खोटं पाडत होतं.

निवृत्तीला एक वर्ष उरलं होतं. आनंदाबाईंनी पाटी पाहिली, नवऱ्याचं तोंड पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "कोणाले कळून राह्यलं? जाऊ द्या नं."

"मले कळलं नं," गुरुजी म्हणाले.

मग त्यांनी पोस्टकार्डं आणली. जुन्या विद्यार्थ्यांचे पत्ते मिळतील तेवढे मिळवले आणि प्रत्येकाला लिहिलं, अकरा एकांना भाग जातो, मी तुम्हाला चुकीचं शिकवलं. सोबत दोन्ही आकडे. काहींना वाटलं, गुरुजींचं डोकं फिरलं. मला विचाराल तर अख्ख्या तालुक्यात तेव्हा एवढं ठिकाणावर असलेलं दुसरं डोकं नव्हतं.

शाळा उघडल्यावर पहिल्याच दिवशी त्यांनी भरल्या वर्गात चूक कबूल करून ओळ बदलली. कार्ड वाचून नलू मुद्दाम आली होती, मागे उभी होती. तिचे डोळे भरून आले होते. पण शिष्या कुणाची! पुढे येऊन तिने फळ्यावर सतरा एक लिहिले.

"मंग याचं काय, गुरुजी?"

सगळा वर्ग गुरुजींकडे बघू लागला. अशा प्रश्नांना गुरुजींचं उत्तर आजवर तयारच असायचं. त्यांनी आकडा डावीकडून उजवीकडे नीट वाचला, खडू खाली ठेवला.

"मले माहीत नाई," ते म्हणाले.

त्या दिवशी सुट्टीआधी पाढे झाले. "अकरा एक, भाग हाये," म्हणून पोरं बसायला लागली, तर गुरुजींनी त्यांना थांबवून आणखी एक ओळ सांगितली. चाळीस पोरांनी ती छपरावरचे कवेलू हलतील एवढ्या जोरात म्हटली, "सतरा एक, माहीत नाई."