मावशीचा वाटा

टोपली खाली ठेवली की माशांवरच्या ओल्या फडक्यावर ती दोन्ही हात पालथे ठेवायची आणि मान वर करून विचारायची, "कोन खानार?"

याचं उत्तर मिळेपर्यंत फडकं निघायचं नाही. भाव, वजन, ताजं की बर्फातलं, सगळं नंतर. भाईंदर पश्चिमेच्या आमच्या सोसायटीत नव्याने राहायला आलेल्या बायका गोंधळून जायच्या. मासे विकायला आलेली बाई मासेच दाखवत नाही, असं कधी कुणी पाहिलंय? पण मावशी ऐकायची नाही. सासूला दात नाहीत म्हटलं की बोंबील. बाळंतीण घरात असली की दुधासाठी मुशी. पित्ताचा माणूस असेल तर करंदीचं नावही काढायचं नाही. एकदा शेजारणीने सांगितलं की पाहुणे येणार आहेत. मावशीने विचारलं, "आवडीचे का नावडीचे?" शेजारीण हसायला लागली, तेव्हा मावशीने पापलेट मागे सारून मांदेली पुढे केली.

मी पहिल्यांदा तिच्याकडे गेले तेव्हा घरातल्या सगळ्यांची नावं सांगितली. नवरा, मुलगा, सासूबाई.

"आनि तू? नुसता वास घेनार?"

"उरलं तर खाईन की."

"उरलं तर," माझेच शब्द तिने तोंडात घोळवले आणि पिशवीत मूठभर मांदेली जास्त टाकली. ती जास्तीची मांदेली कुणाच्या ताटात गेली हे मला आठवत नाही, म्हणजे माझ्या तर नक्कीच गेली नसणार.

मावशी उत्तनची. नाव होतं तिला, चांगलं चर्चमध्ये ठेवलेलं, पण आमच्याकडे ते कुणी विचारलं नाही. मासे विकणारी म्हणून मावशी. सकाळी टेम्पोतून भाईंदरला यायची आणि टोपली घेऊन सगळ्या इमारती पालथ्या घालायची. घरची छोटी बोट होती. आधी नवरा चालवायचा, तो गेल्यावर मोठा मुलगा. बोटीवर पकडलेलं सगळं मावशीच्या टोपलीत पडायचं आणि ती त्याचे पैसे करून आणायची. एवढा तिचा मान होता, एवढं तिचं राज्य.

गेल्या वर्षी आमच्या महिला मंडळाने ठरवलं की या खेपेला हळदीकुंकू नको, वाण नको, घरात पडलेल्या स्टीलच्या वाट्यांत आणखी भर नको. त्याऐवजी अर्ध्या दिवसाची समुद्रातली सहल. कॅटामरान नावाची बोट होती. मनोरीच्या खाडीतून निघायची, गोराईवरून उत्तनच्या पुढपर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने जायची आणि परत. आपण राहतो त्या बाजूला जुनी माणसं धारावी बेट म्हणतात, हे मला त्या जाहिरातीतून कळलं. झोपडपट्टीची धारावी वेगळी, ही आमची वेगळी. एवढी वर्षं बेटाच्या उंबऱ्यावर राहून मला बेट दिसलं नव्हतं, मग जाहिरातवाल्यांना हसून काय उपयोग.

मी फोनवर ती जाहिरात मावशीला दाखवली. फक्त गंमत म्हणून. तिने फोन हातात घेतला, ओल्या बोटांनी चित्र मोठं केलं आणि बराच वेळ बघत राहिली.

"माजं पन तिकीट काड."

"मावशी, तुझ्या घरची बोट आहे की."

"घरची हाय म्हनूनच तर," ती म्हणाली. "आमच्या घरात बाई बोटीवर चढत न्हाय. काठाला बांधलेली असली, सनाला सजवलेली असली, तर चढाचं. पान्यात निंगाली की उतराचं. बाई गेली की जालं रिकामं येतं, असं सासू बोलायची. तिची सासू पन बोलायची."

मला वाटलं ती चेष्टा करतेय. जन्म समुद्राकाठी, लग्न समुद्राकाठी, हाताला खारा वास कायमचा, आणि ही बाई एकदाही समुद्रात गेली नव्हती. लहानपणापासून जाळी विणली, फाटलेली सांधली, पण ती पाण्यात पडतात तेव्हा कशी दिसतात हे तिला माहीत नव्हतं. बोटी खडकावरच्या दीपगृहाच्या मागे जाऊन दिसेनाशा होत. तिथून पुढचं सगळं तिने ऐकलेलं.

आमच्या मंडळात लगेच कुजबुज झाली. सेक्रेटरीच्या बायकोने मला जिन्यात गाठलं. "ती आपली सभासद नाही ना पण. आणि वास येतो हो." मी म्हटलं, समुद्रात जातोय, वास यायचाच. मला वाद घालता येत नाही, पण त्या दिवशी जमलं.

खरी अडचण उत्तनला होती. मुलाला कळलं. त्या हंगामात मासळी आधीच कमी होती, आणि त्यात आई भाड्याच्या बोटीने समुद्रात जाणार, गावात लोक काय बोलतील? त्याने सरळ सांगितलं की गेलीस तर बोटीची मासळी तुझ्या टोपलीत पडणार नाही, सुनेच्या टोपलीत पडेल. हे मावशीने मला सांगितलं तेव्हा ती कोलंबी मोजत होती आणि तिचा हात थांबला नाही. मी म्हणाले, "मावशी, राहू दे. कशाला भांडण? परत कधीतरी जाऊ."

"परत कवा? मी मेल्यावर?" ती म्हणाली. "तिकीट काडलंस का न्हाय ते सांग."

तिच्यासारखी मी असते तर माझ्या आयुष्यातल्या निदान चार गोष्टी वेगळ्या झाल्या असत्या. त्या कोणत्या ते सोडा.

जानेवारीतल्या सुट्टीच्या सकाळी आम्ही जेट्टीवर जमलो. आम्ही सगळ्या पंजाबी ड्रेसमध्ये, टोप्या, काळे चष्मे. मावशी लग्नाला नेसावं तसं लाल लुगडं नेसून, अंगावर होतं नव्हतं तेवढं सोनं घालून आली. बोटीत पाय ठेवण्याआधी तिने वाकून पाणी घेतलं आणि क्रुसाची खूण केली. बोटीवरचा पोरगा लाइफ जॅकेट घेऊन आला. "आंटी, ये पहनना पड़ेगा."

"तू पयले घाल," मावशी म्हणाली. त्याने घातलं, मग तिने घातलं. सगळं सोनं त्या नारिंगी जॅकेटच्या आत गेलं, तेवढं तिला आवडलं नाही.

दोन होड्या शेजारी शेजारी बांधून वर ओटा टाकावा, तशी ती कॅटामरान. पुढच्या बाजूला दोन टोकांच्या मधे जाड जाळं घट्ट ताणून बसवलेलं. त्यावर लोकांनी आडवं पडायचं, खाली थेट पाणी. आमच्या बायका जाळ्यापाशी जाऊन किंचाळून परत येत होत्या. मावशीने मात्र आधी खाली बसून जाळ्याची गाठ बोटांनी चाचपली, दोन ठिकाणी ओढून पाहिली.

"बरं हाय," ती म्हणाली आणि चालत मधोमध जाऊन बसली. "आयुष्यभर जाली सांधली. आज पयल्यांदा जाल्यात मी पडलेय. आनि इकनारं कोन न्हाय."

गोराईपर्यंत ती जाळ्यातून खालीच बघत होती. पाणी खालून उडत होतं, लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलं होतं. सेक्रेटरीच्या बायकोला बोट लागली तेव्हा मावशीनेच कनवटीची सुपारी काढून दिली. ती बाई तिचा हात धरून बसली ती उतरेपर्यंत. वासाचा विषय परत निघाला नाही.

मग उत्तन दिसायला लागलं. चर्चचा पांढरा मनोरा, वाळत घातलेल्या बोंबलांच्या रांगा, घरं. मावशी बोट दाखवून दाखवून सांगत होती, ते आमचं, ते माझ्या बहिणीचं, ती विहीर. अचानक थांबली.

"केवडंसं हाय," ती म्हणाली. "हे एवडं? एवड्यासाठी मना सगले एवडं बोलतात?" आणि ती मोठ्याने हसली.

दीपगृहाचा खडक मागे पडला आणि पुढे एक छोटी बोट दिसली. जाळं वर ओढण्याचं काम चालू होतं. मावशीने लांबूनच ओळखलं, कारण बोटीच्या नाकाडावरचा निळा रंग तिनेच आणून दिला होता. मुलगा होता. आमच्या कप्तानाला वाटलं प्रवाशांना मासेमारी बघायला आवडेल, म्हणून त्याने इंजिन हळू केलं आणि जवळ नेलं.

जाळं वर आलं. आत चिखल, थोडी जेलीफिश, प्लॅस्टिकच्या पिशव्या. दोन-चार बोटभर मासे.

मुलाने वर पाहिलं. आमच्या बोटीच्या जाळ्यावर बसलेली आई त्याला दिसली. सगळ्या खलाशांना दिसली. तो ओरडला, "आये! बगितलंस? सांगितलं होतं ना तुना? बग, रिकामं!"

आमच्या बोटीवर कुणीतरी फोन वर धरला होता, तो खाली घेतला. मला वाटलं, संपलं. आता ही बाई मान खाली घालणार आणि आयुष्यभर हे ऐकणार.

मावशी उभी राहिली. त्या डुलणाऱ्या जाळ्यावर, कशालाही न धरता.

"मी आले म्हनून रिकामं?"

"मग कशानं?"

"बरं. मग एवडी वर्सं मी घरी बसले म्हनून जालं भरलं, असंच ना?"

मुलाने जाळ्याची दोरी हाताभोवती गुंडाळली.

"खलाशी बोटीवर बसतो, त्याला वाटा. मी घरी बसून तुजं जालं भरलं, तुज्या बापाचं भरलं. माजा वाटा कुटं हाय रे? काड. आतापर्यंतचा सगला काड!"

आधी एक खलाशी हसला. मग दुसरा. मुलाने त्यांच्याकडे रागाने पाहिलं, मग जाळ्याकडे, आणि शेवटी पाठ करून जाळं परत पाण्यात सोडायला लागला. आमच्या कप्तानाने हळूच बोट वळवली. मावशी मुलाची बोट दीपगृहाआड जाईपर्यंत उभीच होती. या वेळी खडकाच्या पलीकडून ती बघत होती.

खाली बसल्यावर तिने लुगड्याचा भिजलेला काठ पिळला. मी तिचा हात हातात घेतला. मला तिचा फार अभिमान वाटला आणि फार भीतीही वाटली.

मुलाने शब्द खरा केला. दुसऱ्या दिवसापासून घरच्या बोटीची मासळी सुनेकडे. मावशी तरीही थांबली नाही. धक्क्यावरच्या लिलावात दुसऱ्यांच्या बोटींची मासळी घ्यायची, महाग पडायची, पण टोपली घेऊन यायचीच. फडक्यावर हात, "कोन खानार?" सून दुसऱ्या रस्त्याला बसायची. चांगली मुलगी होती, पण तिला गिऱ्हाइकं माहीत नव्हती. बाळंतिणीच्या घरी तिने मुशीऐवजी करंदी दिली आणि तिथून बोलणी खाऊन आली.

"मावशी, मिटवून टाक ना," मी एकदा म्हणाले.

"मी कशाला मिटवू? वाटा त्यानं द्याचा हाय."

आता ती येत नाही. पावसाळ्याच्या तोंडाला तिचे गुडघे साफ गेले. ती उत्तनला ओट्यावर बसून जाळी सांधते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवते, असं सून सांगते. सूनच येते हल्ली. तिलाही विचारायची सवय लागलीय, पण तिचा प्रश्न अजून मऊ आहे. मावशीच्या शेवटच्या फेरीचं मात्र तुम्हाला सांगायलाच हवं.

त्या दिवशी टोपलीत घरच्या बोटीची मासळी होती. मी ओळखली नाही, तिनेच सांगितलं. आणि एका कोपऱ्यात मोठं पापलेट केळीच्या पानात वेगळं गुंडाळून ठेवलेलं. मी हात घातला तशी तिने हातावर चापट मारली.

"ते इकाचं न्हाय. वाटा हाय माजा."

"दिला त्याने?"

"सून बोलली त्याला. आई घरी बसल्या म्हनून जालं भरत नसंल, तर मग मी पन त्या सहलीच्या बोटीनं जाते, माजं पन तिकीट काडा. आनि भरत असंल, तर त्यांचा वाटा द्या. दोन्ही बाजूनी अडकला बिचारा." मावशीच्या चेहऱ्यावर बिचारा म्हणण्यासारखं काही नव्हतं. "आज सकाली धक्क्यावर, सगल्या लोकांसमोर, पयला मासा काडून माज्या हातावर ठेवलान. ठेवला आनि गेला."

"म्हणजे आता तू घरी बसायचं?"

"का? हा मागचा हिशोब हाय. पुडं कोन बसतंय? सुनेचं तिकीट काड तू, तेवडं सांगाचंच होतं तुना."

मी त्या पानावर दोन्ही हात पालथे ठेवले आणि तिच्याचसारखी मान वर करून विचारलं, "कोण खाणार?"

मला वाटतं, हा प्रश्न तिला आजवर कुणी विचारला नव्हता.

"मी," ती म्हणाली. "अख्खं. डोक्यासकट."

मग तिने पापलेट फडक्याखाली नीट सारलं, डोक्यावर चुंबळ बसवली आणि गुडघ्यावर हात टेकून उठली. मी टोपलीला हात लावायला गेले, तर तिने लावू दिला नाही. फाटकापर्यंत मी तिच्याबरोबर चालत गेले.