मेनू कुठली प्रत चालवतो

बटणावर माझा विश्वास नाही. ज्या एडिटरमध्ये बसून आम्ही दिवसभर कोड लिहितो, त्याच्या वरच्या कोपऱ्यात एक हिरवा त्रिकोण असतो. तो दाबला की प्रोग्राम चालतो म्हणे. चालतो म्हणजे नक्की कोणता चालतो, तो कुठून उचलला, तिथे कुणी ठेवला, यातलं ते बटण काही सांगत नाही. बाकीची मंडळी दाबून मोकळी होतात आणि चहाला जातात. मी आपली खालची काळी खिडकी उघडते आणि स्वतःच्या हाताने कमांड टाइप करते. यावरून ऑफिसात माझी भरपूर टिंगल होते आणि मी ती होऊ देते.

हा संशय वडिलांकडून आला. आमचं घर असोद्याचं, केळीवालं. माल काट्यावर चढला की बाकीचे आकड्याकडे बघायचे, वडील मात्र व्यापाऱ्याच्या माणसाच्या पायांकडे बघायचे. आकडा तर कुणीही बघेल, म्हणायचे, काटा मारायला पाय कुठे टेकलाय ते बघ. मी कॉम्प्युटर शिकले, रोज स्कूटीवरून जळगावला जायला लागले, पण नजर काही बदलली नाही.

आमचं ऑफिस मेहरूणच्या बाजूला, दुसऱ्या मजल्यावर. ट्रक तोलणाऱ्या मोठ्या वजनकाट्यांसाठी आम्ही सॉफ्टवेअर करतो. मालकांना सगळे भाऊ म्हणतात. आमच्यातले सगळ्यात जुने म्हणजे नाना. मूळचे शिंदखेड्याचे, घर धुळ्याला. आठवडाभर जळगावात एका खोलीत राहायचे आणि शनिवारी संध्याकाळच्या बसने धुळ्याला जायचे. पावत्या काढणारा मूळ प्रोग्राम नानांचा. त्याला ना खिडकी, ना बटण, ना रंग. काळ्या खिडकीत त्याचं नाव टाइप करायचं, पुढे काट्याकडून आलेल्या फाइलचं नाव, आणि एंटर. पावत्या हजर.

आमच्या लोकांना तेवढंही टाइप करायचा कंटाळा. म्हणून भाऊंनी नानांचा प्रोग्राम एडिटरच्या मेनूतच बसवून दिला. एडिटरमध्ये तशी सोय असते. बाहेरच्या प्रोग्रामचा पत्ता एकदा भरून ठेवला की मेनूतली ओळ दाबायची आणि तो जागच्या जागी चालतो. भाऊंनी दोन ओळी केल्या. एक दाबली की नानांचा प्रोग्राम चालून पावत्या दिसायच्या, दुसरी दाबली की तोच प्रोग्राम गिऱ्हाइकाला पाठवायच्या गठ्ठ्यात बांधला जायचा. भाऊंच्या मशीनवरची ही सेटिंग सगळ्यांनी जशीच्या तशी उचलली. मीही उचलली, फक्त कधी वापरली नाही.

मग कापसाचा हंगाम सुरू झाला आणि धुळ्याकडच्या एका सरकी काढणाऱ्या जिनिंगवाल्याने आमचं सॉफ्टवेअर घेतलं. केळीच्या काट्यावर ट्रक आधी रिकामा चढतो, मग भरून. जिनिंगमध्ये उलटं. कापसाची गाडी भरलेली येते आणि खाली करून परत तोलतात. नानांच्या प्रोग्रामने नेहमीच्या सवयीने दुसऱ्या वजनातून पहिलं वजा केलं, आणि पावतीवर कापूस आला उणे. जिनिंगच्या मॅनेजरने फोन केला तेव्हा आधी तो हसला. गेटावर शेतकऱ्यांची रांग वाढली तसं त्याचं हसू गेलं.

नानांनी दुरुस्ती त्याच दिवशी केली. माझ्यासमोर काळ्या खिडकीत चालवून दाखवली. वजन बरोबर, उणे चिन्ह गायब. मग नवी फाइल सर्व्हरवरच्या सामायिक फोल्डरमध्ये ठेवली. ऑफिसातल्या पोरांनी मेनूतून चालवून बघितलं, तर कापूस उणे. गठ्ठा बांधून जिनिंगला पाठवला, तिथेही उणे.

"नाना, फाइल ठेवायची राहिली वाटतं," भाऊ म्हणाले.

नानांनी परत ठेवली. पुन्हा उणे. "आता चुकीची ठेवलीत," भाऊ म्हणाले. आवाज गोड होता, आणि भाऊंचा आवाज गोड झाला की मला अस्वस्थ वाटतं.

असं काही आठवडे चाललं. नाना दुरुस्त करायचे, पोरं मेनूची ओळ दाबायची, खाली एक संदेश यायचा की प्रोग्राम शून्य चूक देऊन संपला. ते शून्य बघितलं की पोरांची खात्री पटायची की प्रोग्राममध्ये नाही, नानांमध्ये काहीतरी बिघडलंय. त्या शून्याचा अर्थ एवढाच की प्रोग्राम मधेच कोसळला नाही. बरोबर प्रोग्राम चालला की नाही, हे ते शून्य कशाला सांगेल? पण मी बोलले असते तर पुन्हा माझीच टिंगल झाली असती.

नाना बदलत गेले ते मला बघवेना. आधी चिडायचे, मग चिडायचे बंद झाले. माझ्या खुर्चीशी येऊन हळूच म्हणायचे, "पोरी, देखी ले बरं, मी फाइल ठेवी ऱ्हायनू." मी बघायची. त्यांनी ठेवलेली असायची. अर्ध्या तासाने पोरांची ओरड ऐकू आली की नाना परत यायचे. "मी ठेवी व्हती ना? तू देखी ना?" हो नाना, बघितली. पण त्यांचा आता माझ्या 'हो'वरही विश्वास बसत नव्हता. धुळ्याला डॉक्टरांनाही दाखवून आले. डॉक्टरांनी आज वार कोणता, महिना कोणता असलं काहीबाही विचारलं आणि म्हणाले, तसं ठीक आहे, पण घरच्यांनी लक्ष ठेवा. हे सांगताना नाना हसले. भाऊ म्हणाले, संक्रांतीनंतर घरीच आराम करा नाना, वय कुणाला चुकलंय. नानांनी मान हलवली. त्यांना आपलं डोकं गेलं हे पटलं होतं, आणि मला त्याचा भयंकर राग आला होता.

राग आला की माझा संशय दुप्पट होतो. नानांनी फाइल ठेवलेली मी डोळ्यांनी बघितली होती. मग मधल्या अर्ध्या तासात कुणीतरी ती बदलत असणार. कोण? पहिला संशय भाऊंवर. जुन्या माणसाला जा म्हणायचं जिवावर आलं की मालक अशाच वाटा काढतात. समोर बसणाऱ्या पोरावरही संशय आला, नाना गेले तर त्यांचं काम त्यालाच मिळणार होतं. मी डबा खाता खाता एक डोळा त्या सामायिक फोल्डरवर ठेवायला लागले. जेवायलाही उठेना. माझ्या वागण्यावरून उलट लोकांना माझाच संशय यायला लागला असणार.

फाइलला कुणीही हात लावला नाही. नानांनी सकाळी ठेवली तीच वेळ तिच्यापुढे दुपारी होती. म्हणजे पायही नाही आणि माणूसही नाही. मग काट्यातच काहीतरी.

त्या दिवशी मी कधी नाही ते मेनू उघडला. वर मेनूतली ओळ दाबली, कापूस उणे. खाली काळ्या खिडकीत तोच प्रोग्राम हाताने चालवला, कापूस बरोबर. एकच मशीन, एकच फाइल, एकाच पडद्यावर दोन उत्तरं. इतके दिवस मी हाताने टाइप करून स्वतःला शहाणी समजत होते, आणि म्हणूनच पोरांना काय दिसतंय ते मला कधी दिसलंच नव्हतं.

मेनूची सेटिंग उघडली. बाहेरच्या प्रोग्रामचा पत्ता लिहायचा चौकोन इतका अरुंद की पत्त्याचं शेपूट तेवढं दिसत होतं, नानांच्या प्रोग्रामचं नाव. नाव बरोबर होतं, म्हणून कुणी पुढे बघितलंच नसणार. मी कर्सर चौकोनात ठेवला आणि पत्त्याच्या पार सुरुवातीला नेला. तिथे सामायिक फोल्डर नव्हता. तिथे खंडेनवमीचा फोल्डर होता.

खंडेनवमीला आमच्याकडे शेतात विळे-कोयते पुजतात, ऑफिसात कीबोर्ड. झेंडूची फुलं, हळदकुंकू, मॉनिटरवर स्वस्तिक, सगळं रीतसर. पण यंदा भाऊंच्या मनात आलं की प्रोग्रामचीही पूजा व्हावी. त्यासाठी सर्व्हरवर वेगळा फोल्डर केला, सगळ्या प्रोग्रामची एकेक प्रत त्यात ठेवली, स्क्रीनला ओवाळलं, आणि मुहूर्ताची म्हणून भाऊंनी स्वतः मेनूतल्या त्या दोन्ही ओळी तिथल्या तिथे तयार करून दाबल्या. पूजेतल्या वस्तूला मग कोण हात लावतो? त्या फोल्डरमधलं कुणी काही बदललं नाही, पुसलं नाही. मेनू तेव्हापासून इमानेइतबारे पूजेतली प्रत चालवत होता. नाना दुरुस्त करत होते ती प्रत शेजारच्या फोल्डरमध्ये पडून होती.

मी नानांना बोलावून दाखवलं. मला वाटलं उडी मारतील. ते पडद्याकडे बघत राहिले, मग दाराकडे बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "तुले भाऊनी सांगं का असं बोलाले?"

गेले काही आठवडे सगळे त्यांच्याशी गोड बोलत होते, होतं हो नाना, चालायचंच नाना. त्यात माझं हे आणखी एक गोड बोलणं. मी खरं सांगत होते आणि ते मला दिलासा समजत होते. माझ्यासारख्या संशयी बाईला कुणाचा संशय समजू नये असं नाही, पण तो माझ्यावर आला तेव्हा फार लागला.

"माझ्यावर विश्वास ठेवू नका," मी म्हटलं. "तुम्ही स्वतः करून बघा. मी काही हात लावत नाही."

मी खुर्चीवरून उठले. नाना बसले. त्यांनी प्रोग्राममध्ये एक ओळ घातली, पावतीच्या तळाशी त्यांच्या गावाचं नाव छापणारी. ती मला दिसू नये म्हणून खांदा आडवा धरला होता. फाइल सामायिक फोल्डरमध्ये ठेवली. मेनूतून चालवलं. कापूस उणे, आणि तळाशी काही नाही. काळ्या खिडकीतून चालवलं. कापूस बरोबर, तळाशी शिंदखेडा. परत मेनू, परत खिडकी. मग त्यांनी दोन्ही ओळींच्या चौकोनातला खंडेनवमीचा पत्ता पुसून सामायिक फोल्डरचा घातला आणि मेनूची ओळ दाबली. तळाशी शिंदखेडा आलं. नाना किती तरी वेळ त्या शब्दाकडे बघत होते. डोळे पुसले, चष्मा पुसला, आणि पुन्हा एकदा मेनू दाबला.

तेवढ्यात भाऊ आले. मी सांगितलं ते त्यांनी ऐकून घेतलं. "म्हणजे मेनूच चुकला म्हणायचा," म्हणाले. मेनू कुणी केला होता हे कुणी काढलं नाही. त्यांनी सगळ्यांना चहा मागवला, जिनिंगला नवा गठ्ठा पाठवायला सांगितलं, आणि जाता जाता मला म्हणाले, पण तो फोल्डर राहू दे, पूजेतला आहे. संक्रांतीचा विषय त्यांनी परत काढला नाही.

नानांनी खिशातून फोन काढला आणि धुळ्याला घरी लावला. "अवं, आयक," ते म्हणाले, "मनं डोकं जागावर शे." पुढे त्यांनी मेनू, फोल्डर, पत्ता सगळं सांगितलं, भराभर, अर्धवट. मग नानांनी फोन माझ्याकडे केला. "तुनाशी बोलनं शे तिले."

मी फोन घेऊन खिडकीशी गेले. नानांच्या बायकोचा, अक्कांचा आवाज पहिल्यांदाच ऐकत होते. "पोरी, खरं सांग," त्या म्हणाल्या. "तुम्ही बठ्ठा मियीसन त्यास्ले बरं वाटाले तर नही सांगी ऱ्हायनात?"

"नाही अक्का. नानांनी स्वतः करून बघितलं. मी नुसती शेजारी उभी होते. चूक त्यांची नव्हतीच."

अक्का रडल्या असाव्यात, किंवा पदराने तोंड पुसलं असावं, मला कळलं नाही. मग म्हणाल्या, "मंग आते मना भाऊले सांगी देस, शनवारले येवू नको. तो जयगावतून त्यास्ना मांगला शीटवर बठीसन येस. घर येवालोंग. त्यास्ले म्हाईत नही शे. तूबी सांगू नको."

म्हणजे दर शनिवारी अक्कांचा सख्खा भाऊ बसमध्ये नानांच्या मागच्या सीटवर बसून त्यांच्यावर लक्ष ठेवत घरापर्यंत यायचा, आणि नानांना त्याचा पत्ताच नव्हता. मी बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? फोन नानांच्या हातात दिला. ते कधी नव्हे ते ताठ बसले होते.

"काय म्हनी ती?"

"शनिवारी वेळेवर या म्हणाल्या."

नाना माझ्या तोंडाकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले. "एवढंच?"

"एवढंच," मी म्हटलं.