सतराच्या पाटीचं हार्वेस्टर

ती घटना आठवायला मला जुनी डायरी उघडावी लागत नाही. बाकी बऱ्याच गोष्टींसाठी लागते. नोकरीभर रोज याद्या केल्या, आजही बाजाराला निघालो की खिशात कागद असतो. पण मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यात मी ठाणेदार होतो, त्या कौलारू ठाण्याच्या आवारात उभं असलेलं हार्वेस्टर आणि त्याच्या सावलीत बसलेला एक मोठा भाऊ, एवढं कागदाशिवाय दिसतं.

धान पिकून पिवळं झालं होतं. किरनापूरच्या रस्त्यानं सकाळी निघालं की कापलेल्या धानाचा वास थेट जीपमध्ये यायचा. ठाण्यात आधी हजेरीची गणती, मग रोजनामचा लिहायचा, मग कडुलिंबाखाली चहा. त्या चहाला वारासिवनीचा एक वेल्डिंग मिस्त्री येऊन बसला. आमच्या हेडसाहेबांच्या, म्हणजे प्रधान आरक्षक असलेल्या हेड कॉन्स्टेबलच्या, ओळखीचा.

"साहेब, एक गोष्ट सांगू काय? काल एका गावात हार्वेस्टरचा तुटलेला पत्रा जोडाले गेलतो. मालक म्हनते, सतराचं मॉडेल हाय. अन् त्याच मशीनले मी सोळात टाका मारला होता."

हेडसाहेब हसले. "जन्माच्या आधीच ऑपरेशन केलं काय रे तू?"

"हसा तुम्ही. माझा टाका मी ओळखतो. तेव्हा रॉड संपली होती, शेवटचे दोन बोटं दुसऱ्या रॉडनं भरले. अजून तसेच हायेत."

कारागीर स्वतःच्या कामाबद्दल सहसा चुकत नाही. मी जीप काढायला सांगितली.

मशीन दोन भावांचं होतं. शेती एकत्र, चूल एक. दसऱ्याच्या आधी दोघं एका विक्रेत्याकडे जुनं हार्वेस्टर घ्यायला गेले. त्याच्या आवारात दोन मशिनी होत्या, एक दोन हजार पंधराचं मॉडेल, एक सतराचं, तसं कंपनीच्या पाटीवर कोरलेलं. धाकट्यानं दोन्ही चालू करून आवाज ऐकला. त्याला पंधराचं आवडलं. मोठा म्हणाला, दोन वर्षं नवीन आहे, रंग बघ, उद्या सुटे भागही सहज मिळतील. मोठ्याचं चाललं. गावानं त्यांच्या भरवशावर दरवर्षी येणाऱ्या पंजाबच्या हार्वेस्टरवाल्या टोळीला नाही सांगून टाकलं. आमच्याकडे अशी टोळी एकदा पुढच्या जिल्ह्यात गेली की त्या हंगामात परत येत नाही. आणि सतराचं मॉडेल पहिल्या आठवड्यातच तीनदा बंद पडलं होतं.

धाकटा बांधावर उभा राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलत होता, "मी सांगून राह्यलो होतो भाऊले. यायले पाटीवरचा आकडा पायजे होता! धान निघालं का वाटनी करू, बस."

मोठ्यानं मला पाहिलं आणि तो मशीनच्या पायरीसमोर येऊन उभा राहिला. "मशीन बरी हाय साहेब. आमची कोनाची तक्रार नाई."

ज्याची तक्रार नसते तो बाजूला होतो. हा वाट अडवून उभा होता. तक्रार केली असती तर गावासमोर आणि भावासमोर आपण फसलो हे कबूल करावं लागलं असतं. ते मला कळलं. पण पाटी बदललेली असेल तर मशीन चोरीचंही असू शकतं, हेही खरं होतं. मी मशीन जप्त करून ठाण्यात आणायला सांगितलं.

"न्या साहेब," तो हळू आवाजात म्हणाला. "पन एक सांगा. उद्या ज्याच्या बांधीतलं धान कापाले जायचं कबूल केलं, त्याले काय सांगू? धान झडाले लागलं हाय."

"चौकशी होईपर्यंत थांबा म्हणा," मी म्हणालो. नियमानं बरोबर उत्तर होतं.

हेडसाहेबांचा पंचनामा नेहमी लांबलचक असायचा. त्यावरून मी त्यांना टोकत असे. त्या दिवशीही त्यांनी आरशाच्या तड्यापासून सीटच्या उसवलेल्या शिवणीपर्यंत सगळं लिहिलं. तिसऱ्या पानावर एक ओळ होती: स्टिअरिंगच्या दांड्याला पूजेचे लाल नाडे, एकूण दहा.

मी पेन खाली ठेवलं. आमच्या भागात दसऱ्याला यंत्राची पूजा होते आणि नवा नाडा बांधतात. जुना सोडत नाहीत. या मशीनला तर सगळी पूजा एकाच जागी बांधलेली होती. सतराच्या मशीनला त्या वर्षीचा, म्हणजे बावीसचा, धरून सहाच दसरे मिळाले असते.

नाडे न्यायालयात टिकत नाहीत, हे मला माहीत होतं. एखाद्या वर्षी दोन बांधले असतील, असं कोणीही म्हणेल. पण चौकशीत कुठून सुरुवात करायची, ते कळलं.

दुसऱ्या दिवशी विक्रेता आणि त्याचा पेंटर, दोघांना बोलावलं आणि वेगवेगळं बसवलं. विक्रेत्यानं फाईल पुढे सरकवली. "साहब, सब पेपर ओरिजिनल है. आप खुद मिला लीजिए." मी ताडून पाहिले. पाटीवरचा नंबर आणि कागदावरचा नंबर एकच होता. चेसिसवर कोरलेला नंबर मात्र रंगाखाली कुठेच दिसत नव्हता.

पेंटरला मी गुन्ह्याबद्दल काही विचारलं नाही. चहा दिला आणि काम कसं करतो ते विचारलं. माणूस आपल्या कामाबद्दल बोलायला लागला की खोटं बोलायची तयारी विसरतो.

"आधी काय काढतो?"

"सीट, काचा, पट्टे. मंग घासाई. मंग पुट्टी, मंग रंग."

"स्टिअरिंगचे नाडे नाही काढले?"

"पूजेचे हायेत साहेब. कसे काढू?"

"तो विकणारा मालक काही बोलला नाही?"

"बोलला ना. तोडून टाक म्हने. मी म्हनलं, तुमीच तोडा." तो थोडा हसला. "त्यानंबी हात नाई लावला."

"आणि चेसिसच्या नंबरावर पुट्टी भरायला कोणी सांगितलं?"

त्यानं कप बशीवर ठेवला. "हौ साहेब," तो म्हणाला. "त्यानंच सांगतलं."

पंचांसमोर पुट्टी खरवडली. खाली वेगळाच नंबर निघाला. कंपनीकडून संध्याकाळपर्यंत उत्तर आलं: मशीन तेराचं. कागद सतराच्या मशीनचे होते आणि खरे होते, पण ते मशीन तणसाच्या, म्हणजे धानाच्या पेंढ्याच्या, आगीत जळून गेलं होतं. त्याची पाटी काढून याला ठोकली होती. तेराचं मशीन चोरीचं नव्हतं. विक्रेत्यानं ते रीतसर विकत घेतलं होतं. म्हणजे ते ठाण्यात अडकवून ठेवायचं मुख्य कारणच उरलं नव्हतं. पण तो दिवस शनिवार होता आणि सुपुर्दनाम्याचा, म्हणजे मशीन मालकाच्या ताब्यात द्यायचा, आदेश न्यायालयाकडून यायचा होता.

त्या चार दिवसांत मोठा भाऊ रोज सकाळी ठाण्यात यायचा. मशीनच्या सावलीत बसायचा आणि ढगांकडे पाहायचा. दुपारी धाकटा डबा आणून ठेवायचा आणि लगेच परत जायचा. हेडसाहेब मोठ्याला आपल्यातला चहा पाजायचे. मी खिडकीतून पाहायचो आणि कागदपत्रांचं काम पुढे रेटायचो.

सोमवारी आदेश घेऊन आलो. दोघांना समोर बसवून सगळं सांगितलं. जे पंधराचं तुम्ही सोडलं, ते या मशीनपेक्षा दोन वर्षं नवीन होतं, हेही सांगितलं. लपवून उपयोग नव्हता, आरोपपत्रात येणारच होतं. मोठ्याची मान खाली गेली. आता धाकटा बोलणार, अशी माझी खात्री होती.

तो म्हणाला, "पाटी तर मीबी वाचली होती भाऊ. मले कुठं समजलं?" मग खुर्चीवरून उठला. "चाल. डिझेल आनलं हाय, बाहेर ठेवलं."

मशीन फाटकातून निघताना धाकटा चालवत होता आणि मोठा पायरीवर उभा होता. हेडसाहेब म्हणाले, "साहेब, तेराचं असो का सतराचं, आवाज मात्र ट्रकचा हाय." आम्ही दोघं बऱ्याच दिवसांनी मोकळं हसलो. हेडसाहेब आता नाहीत. ते आवार, तो चहा आठवला की त्यांचं हे वाक्यही आठवतं.

विक्रेत्याचा खटला पुढे चालला, त्याला शिक्षा झाली. भावांची वाटणी झाली नाही. तेराचं मशीन रडतखडत चाललं, पण त्यांनी हंगाम काढला.

या प्रकरणानं मला एक सवय लावली. त्यानंतर काहीही जप्त करताना मी आधी विचारायचो की उद्या सकाळी ही वस्तू कोणाला लागणार आहे. ट्रॅक्टर असो, शिलाई मशीन असो, त्याच दिवशी फोटो, पंचनामा आणि सुपुर्दनाम्याचा अर्ज. ते हार्वेस्टर पहिल्या दिवशीच पंचनामा करून मालकाकडे ठेवता आलं असतं. कायद्यात सोय होती. मी ती शोधली नाही.

ज्याच्या बांधीत जप्तीच्या दुसऱ्या दिवशी मशीन जायचं होतं, त्याचं निम्मं धान चार दिवसांत झडून गेलं. तो ठाण्यात कधी आला नाही. आरोपपत्रात नुकसानीचा तपशील लिहिताना मी विक्रेत्याच्या नावावर सगळं मांडलं, आणि त्या निम्म्या धानाशी येऊन थांबलो. ते विक्रेत्याच्या नावावर लिहिता आलं नाही.