आणि एक मी धरा

"आणि एक मी धरा," असं म्हणून ती टोपी उचलायची. बस्स, तिथंच माझं डोकं फिरायचं.

पोलीस ठाण्यात कधी गेला असाल तर रोजच्या ड्युट्यांचा तो पांढरा फळा तुम्ही पाहिला असेल. तो आम्ही भरायचो. मी तुर्भ्याच्या बाजूला, ती शेजारच्या ठाण्यात. दोघी हवालदार, भरतीही एकत्रच झालेली. कोणी कोर्टाला गेलेलं, कोणी रजेवर, कोणी बंदोबस्ताला ओढलेलं. उरलेल्यांत गस्तीला माणूस कमी पडला की ही स्वतः गाडीत जाऊन बसायची. मी म्हणायची, हा काय आगाऊपणा? फळा लिहिणाऱ्या बाईनं फळा लिहावा. पण तिच्या ठाण्यातली पोरं तिच्यावर जीव टाकायची. माझी पोरं मला बघितलं की पोटात दुखत असल्यासारखी तोंडं करायची.

खरं सांगू? जळायची मी तिच्यावर.

गस्तीला किती माणसं लागतात, ते दरवर्षी वरच्या कार्यालयाला कळवावं लागतं. आमच्यात एक रीतच पडून गेलीय. लागतात त्याच्या दुप्पट मागायची, कारण वरचे डोळे मिटून निम्मी कापतात. मागणाऱ्याला ठाऊक, कापणाऱ्यालाही ठाऊक. ही एकटीच लागतील तेवढी मागायची, आणि तिला तेवढी मिळायची! एकदा तर वरचे साहेब भर बैठकीत म्हणाले, "यांचा आकडा आहे तसा राहू द्या." हातातला चहा मी तसाच खाली ठेवला.

बाहेर आल्यावर मी तिला गाठलं. "काय जादू करतेस गं?"

"जादू कसली? त्यांना माहितीये, एक कमी पडला तर मी बसणार. पण आकडा नाही फुगवणार." असं म्हणून तिनं डबा उघडला आणि शेंगदाण्याची चटणी पुढं केली. मेली चटणीसुद्धा चांगली करायची.

मग ती रिटायर झाली, खांदेश्वरला राहायला गेली. तिच्या खुर्चीवर माझा कधीचा डोळा होता. खटपट करून मी तीच बदली मिळवली.

त्या हद्दीत एक लांब रस्ता आहे, कंपन्यांच्या गेटांपासून रबाळे स्टेशनकडे जाणारा. संध्याकाळी पाळी सुटली की बायका त्या रस्त्यानं चालत निघतात. गळ्यातलं ओढून पळणारे तिथं टपलेले असतात, म्हणून ती गस्त महत्त्वाची. मी ठरवलं, तिच्यासारखाच खरा आकडा मागायचा. तिचं ठाणं, तिची खुर्ची, मग तिचीच पद्धत.

वरून निम्मी माणसं आली. येणारच! खाली सही माझी होती आणि मला ते वर्षानुवर्षं ओळखत होते.

संध्याकाळची फेरी बंद करायची वेळ आली. मी तिला फोन लावला. वाटलं, साहेबांकडे शब्द टाकेल. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"पुढच्या वर्षीही खराच माग. एका वर्षात नाही विश्वास बसत."

"आणि या वर्षी काय करू?"

"ते काय मी सांगायला पाहिजे?"

असा राग आला म्हणून सांगू! फोन ठेवला. समोर ड्रायव्हर चावी फिरवत उभा, आज फेरी नाही ना, असं विचारायला. मी टोपी उचलली. तिचं ते वाक्य मी मेले तरी बोलले नसते. नुसतंच "चल" म्हटलं.

गेटासमोर गाडी हळू झाली. पाळीवरून सुटलेली एक गाववाली बाई खिडकीत वाकली. मला पाहून तिचं तोंड पडलं.

"त्या मॅडम कुठं हायेत?"

"रिटायर झाल्या."

"मंग आता तुमी येनार काय? रोज?"

इथंही तीच माझ्या आधी येऊन बसलेली.

"रोज येणार," मी म्हटलं. "आणि त्यांच्यापेक्षा लवकर येणार."