कापलेली किनार

“मॅडम, काठ कापलेत हो सगळे,” आमचे हातमागावरचे विणकर नरसय्या मामा म्हणाले आणि मी ठाण उलगडून कडा बघायला लागले. जपानची बायर तासाभरात येणार होती.

मी सोलापुरात एका चादर कारखान्यात डिझायनर आहे. जपानी कापडाचं मला वेड. किमोनो हातभर रुंदीच्या एकाच लांब ठाणातून शिवतात. तुकडे सगळे सरळ, वाकडी कात्री नाही. धुवायला उसवतात, मग तुकडे जोडून पुन्हा ठाण करतात. कमाल आहे की नाही? पण त्याला दोन्ही बाजूंनी मागावर विणलेली किनार लागते. नाहीतर सूत सुटतं.

मामांचं हातमागाचं सॅम्पल जपानला पसंत पडलं होतं. ऑर्डर आली तर हातमाग राहणार, नाहीतर शेडमध्ये पॉवरलूम, असं मालकांनी सांगूनच टाकलं होतं. मामांना म्हणाले, सूत यायचंय, थांबा. आणि तिकडं बायरला दाखवायला पॉवरलूमवर रुंद कापड विणून, उभ्या पट्ट्या कापून, कडेला ओव्हरलॉकची शिलाई मारून मोकळे!

मी तणतणत मालकांच्या केबिनमध्ये गेले.

“अण्णा, हे काय करून ठेवलंत?”

“का? सारखंच दिसतंय की! उलट लई नीट बसलंय.”

“त्यांना किनार लागते हो. मामांचंच सॅम्पल दाखवू, वेळ मागून घेऊ.”

“मॅडम, तुम्ही गप बसा. फिनिशिंग बघून खूश होतील त्या.”

बाई आल्या. कापड दोन्ही हातांनी घेतलं. कडेवरून अंगठा फिरवला आणि थांबल्या. मग हसून इंग्रजीत म्हणाल्या, “फार सुंदर काम आहे. आम्ही विचार करतो.” कमरेत वाकून नमस्कार केला आणि गेल्या.

मालकांनी पेढे मागवले. “बघितलं? वाकल्या की!”

मला रडू आवरेना. जपानी माणूस तोंडावर नाही म्हणत नाही. त्यांची हीच रीत मला केवढी आवडायची! त्या दिवशी वाटलं, बाई गं, एकदा तरी ओरडायचं होतंस आमच्यावर.

मेल आलाच नाही. भंगारवाल्याचा माणूस येऊन हातमाग मोजून गेला, मग ते खोलून त्यांचं लाकूड टेम्पोत भरलं. मामा आता त्याच शेडच्या गेटवर वॉचमन आहेत. मला बघून उठून उभे राहतात. बसा म्हटलं तरी बसत नाहीत.

नव्या डिझायनरला मी एवढंच सांगते, बायर तक्रार करत असेल तर काम चालू आहे समजायचं. वाकून कौतुक करून गेली, की माग मोजायला माणूस येतो.