भवानीचं गिऱ्हाईक

मॅट्रिकची परीक्षा झाली आणि मला मुंबईला कॉलेजात जायचं होतं. आमच्या कोळीवाड्यातून तोवर कुणी मुलगी गेली नव्हती. वडिलांनी नाही म्हटलं नाही, फक्त म्हणाले, "मुंबईची मावशी ठेवून घेत असंल तर जा." पुण्याच्या इंग्रजी शाळेत शिकून आणि वसतिगृहात राहून मी घरात पाहुणी झाले, असं आईचं मत होतं. पुन्हा वसतिगृह नाही. म्हणजे सगळं मावशीच्या हातात.

थोरला भाऊ अलिबागला कचेरीत होता. शुक्रवारपासून सोमवारपर्यंत सुट्ट्या जोडून आल्या, तेव्हा तो मला घेऊन रेवसहून निघाला. लाँचमधून भाऊचा धक्का दिसू लागला, मोठ्या बोटी, क्रेन, धूर. मला वाटलं, उतरून कुठेतरी चालत सुटावं. मावशीकडे गेलेच नाही तर ती नको तरी म्हणणार नाही.

मावशी आणि तिची सून बाजारात मासळी विकत. त्या दिवशी जेवताना माझ्या राहण्याचा विषय कुणीच काढला नाही. सून तेवढी म्हणाली, "आमच्यात बसून खानारी कोन न्हाय, बाय."

"सकाळी चल बाजारात," मावशी म्हणाली.

शनिवारी तिनं मला पाटीमागे बसवलं, पापलेटच्या जोडीचा भाव सांगितला आणि बर्फ आणायला गेली. आजूबाजूच्या बायका ओरडून गिऱ्हाईक बोलावत होत्या. माझ्या तोंडून शब्द फुटेना. एक पारशी बाई समोर थांबली, हिंदीत भाव विचारला. मी गप्प. बरोबरच्या बाईला ती इंग्रजीत म्हणाली, बिचारी मुकी दिसते. तेव्हा मी इंग्रजीतच सांगितलं, की मी मुकी नाही, भाव अमुक आहे आणि तो कमी होणार नाही. ती चपापली. तरी तिनं कमीच सांगितला. मी अगदी नम्रपणे नकार दिला. ती निघून गेली आणि मी ताठ बसले.

"तुझ्या भाचीनं भवानी परत धाडली गो," मावशी येताच शेजारीण म्हणाली.

दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक, म्हणजे भवानी, तोटा सोसूनही परत पाठवायचं नसतं. नाहीतर अख्खा दिवस रिकामा जातो. आमच्यात हे मुलींना कुणी शिकवत नाही, पाटीजवळ खेळताना कळतं. मी खेळले होते वसतिगृहाच्या अंगणात.

मावशीनं बर्फाचं घमेलं तिथंच ठेवलं, धावत जाऊन बाईला बाजाराच्या दारातून वळवून आणलं आणि ती म्हणेल त्या भावाला जोडी दिली. नाणी पाटीला लावली, मग कपाळाला.

"बालिष्टर हाय तुझी भाची, म्हनली ती पारशीन," मावशी मला म्हणाली. "आता तसंच मराठीत वरड."

मला जमलं नाही. दुपारपर्यंत मी बर्फात हात घालून बसले.

रविवारी तिनं मला पुन्हा बसवलं आणि मुद्दाम दिसेनाशी झाली. पहिल्या माणसानं निम्मा भाव सांगितला. मी मावशीला शोधलं, ती नव्हती. "घ्या," मी म्हणाले. जोडी त्याच्या पिशवीत टाकली आणि पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारली. हाक इतकी मोठी निघाली की शेजारणीनं कोयता थांबवला.

"घशात कायतरी हाय म्हनायचं," ती म्हणाली.

सोमवारी मावशी धक्क्यावर पोचवायला आली. अजून तिनं हो किंवा नाही म्हटलं नव्हतं. भाऊ इकडचं तिकडचं बोलत राहिला. लाँचवर चढायची वेळ आली, तेव्हा मीच विचारलं, "मावशी, मी येऊ?"

"पावसात लाँच बंद होतात. त्याच्या आधी ये," ती म्हणाली. "सकाळी पाटी, मग तुजं कॉलेज. सुनेला मी बगते."

भाऊ खूश झाला. धक्का मागे पडला तरी तो बोलतच होता. बाजार केव्हा उठतो आणि कॉलेज केव्हा भरतं, याचा मेळ मी घालून पाहत होते. मेळ बसत नव्हता.